उपासाला न चालणारी कॅप्सूल

भावोजी गेल्याचा निरोप पावसहून आला तेव्हा मी शाळेत वह्या तपासत होते. निरोप्याने 'शांतारामभाऊ गेले' एवढं सांगून थांबायला हवं होतं. पण तो पुढे म्हणाला, "गोळ्यांनी घात केलान." तेव्हा जी शिसारी बसली, ती महिना उलटला तरी जात नाही.

भावोजी म्हणजे माझ्या आक्काचे यजमान. नारळाची बाग सांभाळणारा, दणकट, मिश्कील माणूस. दोन वर्षांमागे चढण चढताना त्यांच्या छातीत दुखलं म्हणून विनूने, त्यांच्या मुलाने, त्यांना मुंबईला नेऊन रक्त तपासून घेतलं. कोलेस्टेरॉल फार वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी तळण बंद केलं आणि रोज घ्यायच्या कॅप्सूल दिल्या. "डॉक्टर म्हणतो, मला चरबी आलीय," भावोजी परत आल्यावर भेटेल त्याला सांगत सुटले, "आमचा बापूस हेच सांगायचा, रक्त न काढता!"

सुरुवातीला त्यांच्या मांड्या फार दुखायच्या. आक्काने विनूकरवी डॉक्टरांना कळवलं, त्यांनी मात्रा कमी केली आणि दुखणं थांबलं. या औषधाने काहींना असं होतं, पित्ताचे खडेही होतात, म्हणून अधूनमधून तपासायचं, पण आपल्या मनाने बंद करायचं नाही, असं त्यांनी बजावलं होतं. पुढच्या तपासणीत कोलेस्टेरॉल उतरलंही होतं.

मग तात्यांनी तोंड उघडलं. तात्या भावोजींचे चुलतभाऊ, पूर्वी कुठल्याशा दवाखान्यात कंपाउंडर होते. कॅप्सूलचं वेष्टण जनावरांच्या हाडांपासून करतात, हे ज्ञान त्यांनी ओटीवर बसून पाजळलं. झालं! एरवी बांगड्याचं डोकं चोखून खाणारे भावोजी म्हणाले, "मग उपासाला नाय चालायची." सोमवार सुटला, मग शनिवार. श्रावण लागला तसा अख्खा महिनाच सुटला, कारण श्रावणात त्या घरात मासळी शिजत नाही. तुपातली खिचडी आणि साबुदाण्याचे वडे मात्र पानात पडत होते, ते उपासाचेच ना! आक्का पाया पडली, रडली. "अहो, औषधाला कसलं सोवळं?" भावोजी हसायचे. "उपास हाय गो. चरबी येतेय कुठून?" पुढे घरात गणपती आले, तेव्हाही भावोजी कॅप्सूल नको म्हणाले. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी बागेत त्यांच्या छातीत कळ आली आणि... माणसं धावेपर्यंत सगळं संपलं होतं.

भेटायला येणाऱ्यांचं काय सांगू? बशीतला चहा फुरकत एक बाई आक्काला म्हणाली, "तूच ना गो गोळ्या द्यायचीस? आधी पाय दुखवलेनी, मग काळीज." तिचं संपतं न संपतं तोच दुसरी म्हणाली, "गोळ्या चुकल्या म्हणे. तुझं लक्ष कुठं होतं गो?" आणि तात्या! मान हलवत म्हणतात कसे, "ही औषधं वायटच. मी पहिल्यापासून सांगत होतो." मला त्या बशांची, त्या हळहळीची, त्या हलणाऱ्या मानेची किळस आली. प्रत्येकाला कुणीतरी गुन्हेगार हवा होता आणि समोर कुंकू पुसलेली बाई आयती सापडली होती.

सगळे गेल्यावर आक्काने मला विचारलं, "खरं सांग गो. मी दिल्या म्हणून गेले, की नाय दिल्या म्हणून?" मी विनूला मुंबईच्या डॉक्टरांकडे पाठवलं. ते म्हणाले, "औषध धोका कमी करतं, हमी देत नाही. घेतलं असतं तर वाचलेच असते, असं मी सांगू शकत नाही. पण महिन्याहून अधिक काळ न घेतलेल्या कॅप्सूलने ते गेले, असं कुणी म्हणत असेल तर त्याला माझ्याकडे पाठवा." विनूने ट्रंक कॉल करून हे कळवलं, मी ते आक्काला शब्दन् शब्द सांगितलं.

काल पावसला गेले होते. देवघरातल्या फळीवर, हळदीकुंकवाच्या करंड्याशेजारी कॅप्सूलची बाटली दिसली, जवळजवळ भरलेली. मी ती फेकून द्यायला उचलली, तसा आक्काने माझा हात धरला.

"राहूदे गो. ह्यांचा श्रावण हाय तो."

मी बाटली होती तिथे ठेवली. देवाला हात जोडायला मात्र माझे हात उठले नाहीत.