मशीनमध्ये आमचीच तोंडं

"ए, तोंड वर कर."

मी वर केलं. हवालदारानं मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. बाजारात बैलाचे दात बघतात, तसा तो माझ्याकडं बघत होता. मोबाइल वाजला.

"लागली," तो मागच्या लेडीज कॉन्स्टेबलला म्हणाला. "हीच हाय."

तिनं माझं मनगट धरलं. एसटी स्टँडचा फलाट. सकाळचे साडेनऊ. कॉलेजची पोरं, पाट्या घेतलेल्या बाया, माझ्याच गाडीतून उतरलेली माणसं. सगळी थांबली. हवालदारानं माझी पिशवी तिथंच उपडी केली. भाकरीचा डबा. पाण्याची बाटली. नर्सचा पांढरा ड्रेस, इस्त्री केलेला. तो त्यानं बुटानं बाजूला सारला.

"हे कुणाचं चोरलंस?"

"माझंच हाय, साहेब. मी नर्स हाय."

तो हसला. "पारधीण आन् नर्स?"

माझी जात याला कशी कळली, हे तेव्हा सुचलं नाही. भीतीनं डोकं बंद पडलं होतं. दवाखान्यात मी तीन वर्षं काम करत होते. तिथं कुणाला माहीत नव्हती. मी सांगितली नव्हती. लाज वाटते म्हणून नाही. सांगितली की भाड्यानं खोली मिळत नाही, म्हणून. आणि या माणसाच्या मोबाइलला ती माहीत होती.

पोरं व्हिडिओ काढत होती. मी गुडघ्यावर बसून डबा गोळा केला. ड्रेस झटकला. धुळीचा बूट त्याच्यावर उमटला होता.

मला नेलं त्या पोलीस ठाण्याचं नाव लिहीत नाही. आमच्या माणसांना सगळ्या ठाण्यांची दारं सारखीच.

आत एक तरुण फौजदार होता. शिकलेला, शांत बोलणारा. त्यानं मला खुर्ची दिली नाही, पण शिवीही दिली नाही. मंगळवारी दुपारी एका लग्नात एका बाईंचं गंठण गेलं होतं. कार्यालयाच्या कॅमेऱ्यात एक बाई दिसत होती. ते चित्र त्यांनी मशीनला दिलं. मशीननं माझं नाव काढलं.

"मंगळवारी मी ड्यूटीवर होते साहेब. दोन बाळंतपणं होती. रजिस्टरला सही हाय माझी."

"हे बघ," तो म्हणाला, "मी तुझ्यावर आरोप करत नाही. मशीन सांगतंय. मशीनला जात कळत नाही, कुणाचा राग नाही, कुणाची भीड नाही. त्याला फक्त चेहरा दिसतो. एकाहत्तर टक्के जुळतोय."

त्यानं स्क्रीन माझ्याकडं वळवली. डावीकडं डोक्यावर पदर घेतलेली एक बाई, धुरकट, अर्धी. आणि उजवीकडं मी.

दोन वेण्या. लाल रिबिनी. शाळेचा निळा ड्रेस. मी नववीत होते तेव्हाची.

मला सगळं आठवलं. फलटणकडं आमची पालं होती, उसाच्या फडांच्या कडेला, गावाबाहेर. एकदा पोलिसांची गाडी आली आणि पहिल्यांदाच कुणाला मारलं नाही. टेबल मांडलं. म्हणाले, सरकारी घरं मिळणार हायत, सगळ्यांचे फोटो पाहिजेत. म्हातारी माणसं, बाया, कडेवरची पोरं, सगळ्यांचे काढले. एक समोरून, एक डावीकडून, एक उजवीकडून. मी पळत जाऊन वेण्या घालून आले. चुलतबहिणीच्या रिबिनी मागून आणल्या. माझ्या आयुष्यातला तो पहिला फोटो. माझा बाप हात जोडून म्हणाला, "साहेब, पोरीची एक प्रत द्या की. पालात लावतो."

ते सगळे हसले. मला वाटलं, कौतुकानं हसतात.

घरं आली नाहीत. बाप गेला. तो फोटो मात्र इथं होता. इतकी वर्षं. खाली माझं नाव, पालांचा पत्ता, आणि जातीचं नाव. गुन्ह्याच्या रकान्यात काही नव्हतं. नुसती आडवी रेघ.

इतक्यात त्या गंठणवाल्या बाईंना बोलावून आणलं. कडेगावकडच्या बागायतदाराच्या घरातल्या. त्यांना खुर्ची दिली, चहा दिला. फौजदारानं विचारलं, "हीच होती का?"

बाईंनी माझ्याकडं पाहिलंच नाही. स्क्रीनकडं पाहिलं.

"मशीन म्हणतंय तर आसंल की. आसल्याच आसत्यात ह्या."

मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभी होते. जिवंत.

फौजदारानं दवाखान्यात फोन लावला दुपारी दोनला. स्पीकरवर. आमच्या मोठ्या सिस्टर बोलल्या, "व्हय, मंगळवारी दिवसभर हितंच व्हती ती. रजिस्टर हाय." मग त्यांनीच विचारलं, "पण तिनं केलंय काय? आन् पारधी हाय म्हणताय ती?"

त्या शेवटच्या वाक्याला माझी नोकरी गेली. मला ते ऐकतानाच कळलं.

तोवर आई आली होती. कुणीतरी व्हिडिओ दाखवला तिला. ती दारातच फौजदाराच्या पायावर पडली. काय झालं, कुणी केलं, काही विचारलं नाही. पोलीस दिसला की पाया पडायचं, एवढंच तिच्या अंगात भिनलेलं. मी तिला दंडाला धरून उठवायला लागले.

फौजदार म्हणाला, "उठा आजी. सुटली तुमची मुलगी. कधी कधी चुकतं मशीन. हिचा फोटो जुना आहे ना, म्हणून घोळ झाला." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "त्या भिंतीला उभी राहा. नवे फोटो काढून घेतो, तिन्ही बाजूंनी. पुढच्या वेळी तुलाच त्रास नको."

मी जाऊन उभी राहिले. खरंच राहिले. केस कानामागं सारले. पायांना सवय असते. हवालदारानं कॅमेरा वर केला.

"सरळ बघ."

सरळ पाहिलं, तर समोर त्या बाई. हातात पुन्हा चहाची बशी. शेजारी हवालदार. पलीकडं फौजदार. तेव्हा डोक्यात काहीतरी लख्ख झालं.

"साहेब, त्या मशीनमदी तुमचा फोटो हाय का?"

"माझा कशाला असेल?"

"ह्या बाईंचा? ह्यांच्या घरच्यांचा? त्या लग्नाला आलेल्या एका तरी पाव्हण्याचा?"

बाईंनी बशी टेबलावर ठेवली.

"मंग मशीन आमच्याबिगर कुणाला धुंडणार? तुमी आमचीच तोंडं भरली त्यात. चोरी कुणीबी करू दे, निघणार आमीच."

हवालदार ओरडला, "शानपत करू नगंस. सरळ उभी ऱ्हा."

मी भिंतीपासून बाजूला झाले.

"न्हाई देणार फोटो."

आईनं माझा दंड धरला. "दे गं बाई. काय झिजतंय का तोंड? दे आन् चल." रडत होती ती. मला तिचा राग आला, आणि रागाची लाज वाटली. पण पाय परत भिंतीकडं गेले नाहीत.

फौजदार आता शांत राहिला नव्हता. "मग लिहून दे. पोलिसांना सहकार्य करत नाही म्हणून. पुढं काय होईल ते तुझं तू बघ."

मी कागद मागितला. लिहिलं : माझ्यावर कोणताही गुन्हा नाही. मी फोटो देण्यास नकार देत आहे. नववीत असताना घराचं खोटं कारण सांगून घेतलेला माझा फोटो काढून टाकावा. खाली सही केली आणि त्याची पोच मागितली. त्यानं दिली नाही. साडेसहापर्यंत बाकावर बसवून ठेवलं. मग म्हणाले, जा.

याला आठ महिने झाले. गंठण कुणी नेलं, मला ठाऊक नाही. दवाखान्यानं "पेशंट नाराज होतात" म्हणून घरी बसवलं. घरमालकानं खोली रिकामी करायला लावली. फलाटावरचा व्हिडिओ अजून फिरतो. मध्ये कुंडलला ऊसतोडीवर गेलेल्या माझ्या मावसबहिणीला बाजारातून उचललं. दोन रात्री ठेवलं. तिनं भिंतीला उभं राहून नवे फोटो दिले. तिला दोष देत नाही. तिच्या अंगावर पितं मूल होतं.

काही दिवस मी उठतच नव्हते. बाहेर पडलं की खांबाखांबावर कॅमेरा दिसायचा. आई म्हणायची, देऊन टाकला असता तर नोकरी तरी ऱ्हायली असती. राहिली नसती. पण हे तिला पटवायला माझ्याकडं काही नाही.

माहितीच्या अधिकारात अर्ज केला. माझा फोटो कुणाच्या हुकमानं घेतला, कशात ठेवला, आमच्याशिवाय आणखी कुणाचे आहेत? एका ओळीचं उत्तर आलं : सदर माहिती गोपनीय आहे.

माझं तोंड. आणि माझ्यापासूनच गोपनीय.

अपील केलंय. आता पालापालांवर जाऊन विचारते, कुणाकुणाचे फोटो घेतले, काय सांगून घेतले. वहीत नावं लिहून घेते. काही बाया दार लावतात. काही सांगतात. एक वकीलबाई भेटल्यात, म्हणतात कोर्टात वर्षं जातील, आणि हरायचीही तयारी ठेव.

ठेवलीय. पोलीस परत उचलतील, ते धरून चाललेय. उचलू देत. दर वेळी लेखी कारण मागणार. दर वेळी पोच मागणार. आणि मशीनमधून आमच्यातलं शेवटचं कडेवरचं पोर बाहेर निघेपर्यंत त्या ठाण्याच्या दारात जाऊन उभी राहणार.