परातीएवढा देश

अठ्ठावन्नाव्या वर्षी बाईला अक्कल आलेली असते असा माझा समज होता, कारण तेव्हा मीच अठ्ठावन्न वर्षांची होते. आज सत्तरीला टेकून त्या बाईकडे बघते तेव्हा वाटतं, हिच्या हातात गाडीची किल्ली कोणी दिली? आणि त्याहून मोठा प्रश्न, हिच्या हातात वही कोणी दिली?

आमचे हे अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून निवृत्त झाले. छत्तीस वर्षं एकच काम. नखाएवढे सुटे भाग भिंगाखाली धरायचे, चरा दिसला की बाजूला टाकायचे. बदलापूरला आमच्या गॅलरीतून डोंगर दिसायचा, तोही समोरचा टॉवर उठला तसा मजल्यामजल्यानं गेला. निवृत्तीच्या दुसऱ्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की ह्यांची नजर कडेकडेनं जाते आहे, मधली शेवटी जाईल. औषधानं वेग कमी होईल, थांबणार नाही. वर्ष, फार तर दीड वर्ष.

घरी येताना रिक्षात हे म्हणाले, "जन्मभर जवळचं बघितलं. आता एकदा लांबचं बघायचंय. नजर जाईल तिथवर मधे काही म्हणजे काही नको."

"असं कुठं असतं?"

"कच्छच्या रणात. नुसतं मीठ. पांढरं. आणि हे बघ, डोळ्यांचं कोणाला सांगायचं नाही. पोरालासुद्धा नाही. मला कोणी 'बिचारा' म्हटलेलं चालणार नाही."

साधं मागणं होतं. गाडीचं तिकीट काढायचं, जायचं, बघून यायचं. पण आमच्या घराण्यात कोणी स्टेशनला निघालं तरी त्याला 'जातोच आहेस तर' म्हणून चार कामं सांगतात. मी म्हटलं, जातोच आहोत तर अख्खा देशच दाखवते ह्यांना. वर्षभर फिरू. आणि लॉजवर राहायचं तर रोज नवी खोली, नवा उंबरठा, नवी मोरी, म्हणजे ह्यांना रोज नवी ठेच. त्यापेक्षा घरच चाकावर घालू. मग तांब्या जिथे आज आहे तिथेच उद्या असेल. हा विचार तेवढा शहाणपणाचा होता, हे मी आजही मान्य करते. पुढचं ऐका.

पालेगावच्या एका शाळेची जुनी व्हॅन घेतली. ती उल्हासनगरच्या एका फर्निचरवाल्याकडे नेली. सिंधी गृहस्थ, पिढ्यान्‌पिढ्या कपाटं करणारे. आत पलंग, ओटा, फळ्या आणि बाहेरून पांढरा रंग, एवढं काम. पांढरा का, तर तो रंग त्याच्याकडे उरलेला होता आणि मी तो अर्ध्या किमतीत पाडून घेतला.

"पलंगाचे जास्त लावलेत हो."

"भाभी, पलंगात कमी करू तर मधोमध तुम्हीच पडणार ना! साईं की कसम, दहा साल घूमो, एक स्क्रू नहीं हिलेगा."

कसारा घाटात सात स्क्रू हलले. मी ते वेचून डबीत ठेवले. वाया कशाला घालवायचे?

गाडी चालवायला मीच शिकले, चामटोलीच्या रस्त्यावर, म्हशींच्या मागे. हे शेजारी बसून म्हणायचे, "गाडी चालवतेस की मेथी निवडतेस?" मुलगा फोनवर ओरडला, "आई, तुम्ही दोघं वेडे झालात का?" खरं कारण सांगता येत नव्हतं. म्हटलं, "हो. आनुवंशिक आहे, तूही जपून रहा."

आणि मग वही. वर्षभराचा खर्च मांडायला बसले. डिझेल, दुरुस्ती, किराणा, गॅस, औषधं, टोल, आणि गाडी रात्री कुठे तरी सुरक्षित उभी करायची त्याचे पैसे. प्रत्येक आकड्याला तीनशे पासष्टनं गुणलं आणि बेरीज पुन्हा एकदा करून बघितली. ह्यांच्या फंडाच्या पैशातला आम्ही बाजूला काढलेला भाग नवव्या महिन्यात संपत होता. दोन रात्री मी त्या वहीसमोर बसून होते. तिसऱ्या दिवशी त्या बाईला, म्हणजे मला, साक्षात्कार झाला. नातेवाईक!

नाशिकला नणंद, धुळ्याला मावशी, जळगावला चुलत दीर, इंदूरला मामेभाऊ, बडोद्याला ह्यांचे मामा. त्यांच्या दारात गाडी लावली की मुक्काम फुकट, जेवण फुकट, पाणी फुकट. वहीतलं 'मुक्काम' खोडलं आणि तिथे 'आहेर' लिहिलं. उल्हासनगरच्या कापड बाजारातून ठोक भावानं चादरींचा गठ्ठा उचलला. एका चादरीत चार दिवस निघाले तरी फायदाच. रणाकडे जायचा सरळ रस्ता सोडून मी सासर-माहेरच्या अंगणांची माळ ओवली आणि रण तिच्या शेवटी टाकलं. एखाद्या सेनापतीसारखी त्या नकाशाकडे बघत होते.

दिवाळी झाली आणि निघालो. निघायच्या सकाळी ह्यांनी आपलं माप काढलं. ती त्यांची स्वतःची पद्धत. मी हातभर अंतरावर भांडं धरायचं, ह्यांनी डोळा न हलवता त्याच्या मधोमध बघायचं. कडा दिसली तर नजर तेवढी. त्या दिवशी परात दिसली, सगळी, कडेसकट. "परातीएवढा देश दिसेल," हे म्हणाले. "पुष्कळ झाला."

नाशिकला नणंदेनं गाडीत पाऊल ठेवू दिलं नाही. "वहिनी, दादा दारात गाडीत झोपला तर सोसायटीत माझी काय अब्रू राहील?" सव्वा लाखाचं फिरतं घर इमारतीखाली उभं आणि आम्ही तिच्या हॉलमध्ये गाद्या टाकून. दोन दिवस ठरले होते, अकरा झाले. रोज कोणाकडे तरी चहाला, कोणाकडे तरी जेवायला. ह्यांनी काय बघितलं? नव्या टाइल्स, नवं मॉड्युलर किचन, भाच्याच्या मुंजीचा अल्बम. लांबचं म्हणाल तर समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी. निघताना ताट दिसत होतं. परात गेली होती.

ते मी वहीत लिहिलं नाही. वहीत लिहिलं, 'नाशिक, अकरा दिवस, खर्च एक चादर'. खाली दुहेरी रेघ मारली.

आणखी एक गोष्ट माझ्या हिशोबात नव्हती. आपल्याकडे आहेर एका हातानं दिला की दुसऱ्या हातानं परत येतो. धुळ्याहून पितळी डबा आला, जळगावहून पातेल्यांचा संच, प्रत्येकीकडून साडी, प्रत्येकाकडून ह्यांना शर्टपीस. पलंगावर बोचकी चढली. कधी रस्त्यात मुक्काम करायची वेळ आली असती तरी झोपायला जागा नव्हती. मी ते सगळं 'जमा' खाली लिहीत होते.

इंदूरला मामेभावाच्या मुलीचं लग्न निघालं. "ताई, आता लग्न करूनच जायचं. भाऊजी, सांगा हिला!" हे हसले. नाही म्हणायला कारण लागतं, आणि आमचं खरं कारण बोलायचं नव्हतं. पाच आठवडे थांबलो. लग्नाच्या पंगतीत हे वाट काढत येत होते आणि ह्यांचा पाय सरळ एका पाहुण्याच्या पानात पडला, जिलबीवर. माणूस ओरडत उठला. मागून कोणीतरी म्हणालं, "जावईबापू सकाळीच घेऊन आलेत वाटतं!" सगळी पंगत हसली.

एक वाक्य बोलायचं होतं. त्यांना दिसत नाही. तेवढंच. हे पाय उचलून तसेच उभे होते, हात थोडे पुढे, पुढचं पाऊल कुठे टाकावं ते कळत नसलेले. मी शब्द दिला होता. म्हणून मीही हसले. त्या बाईच्या मी खूप नकला करते, नातवंडांना करून दाखवते, ती गिअर कशी टाकायची, घासाघीस कशी करायची. ते हसणं मात्र मला करून दाखवता येत नाही.

रात्री म्हटलं, "उद्याच सुटू. सरळ रण गाठू."

"ताट आहे अजून," हे म्हणाले. "घाई नको. मामा वाट बघतायत."

मी ते ऐकलं, कारण मला ते ऐकायचंच होतं. बडोद्याला महिनाभराची सोय होती.

बडोद्याला मामांचा मोठा बंगला, मामी मायाळू, दुपारचं जेवण असं की माणूस पाटावरच पेंगावा. त्या म्हणाल्या, "होळी करून जा." मी लगेच 'होळीपर्यंत, चादरी दोन' लिहिलं. वहीत शिल्लक अशी दिसत होती की मलाच माझी दृष्ट लागावी. चार महिन्यांत ठरल्यापेक्षा निम्मासुद्धा खर्च नाही!

एका सकाळी गाडीपाशी माप काढताना मला थट्टा सुचली. ताटाच्या कडेला मी चार दिशांना चार लाल टिकल्या चिकटवल्या. म्हटलं, बघू काय म्हणतात.

"दिसतंय का ताट?"

"दिसतंय की. कडेसकट."

"कडेला काय आहे?"

"काय असणार? स्वच्छ आहे. तू घासलंयस ना."

मी एक टिकली काढून ताटलीच्या कडेला लावली आणि ताटली धरली. "स्वच्छ," हे म्हणाले. आमटीची वाटी घेतली, तिच्या काठाला टिकली लावली.

"टिकली," हे म्हणाले. आणि त्यांना कळलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"इंदूरपासून."

"मला बोलला का नाहीत?"

"तू वही लिहीत होतीस. किती खूश होतीस."

मी गाडीच्या पायरीवर बसले. पुढ्यात पितळी डबे, पातेली, साड्या, आणि मांडीवर वही. पैसे होते. एक रुपया चुकला नव्हता. संपत होतं ते दुसरंच आणि मी ते नाशिकच्या टाइलांवर, इंदूरच्या जिलबीवर, चार-चार दिवस एका चादरीच्या भावानं विकून टाकलं होतं. परात विकली, ताट विकलं, ताटली विकली. कितीला, तर मुक्काम वाचला.

त्याच दुपारी निघालो. सांगून निघालो असतो तर पुन्हा "होळी", पुन्हा "मामांना वाईट वाटेल". घर वामकुक्षीत होतं. मी सगळी बोचकी, डबे, पातेली, उरलेल्या चादरी, एकेक करून मामींच्या ओसरीवर रचलं. पातेलं वाजलं तेव्हा मामांनी झोपेत "कोण आहे?" म्हटलं. "मांजर!" आमचे हे गाडीतून म्हणाले. तशी गाडी सुरू केली. मामांकडचे त्यानंतर आमच्याशी बोलले नाहीत, आणि त्यांचं चुकलं असं मी कधी म्हटलं नाही.

डिझेल वाचावं म्हणून चार महिने मी चाळिसाच्या वर काटा जाऊ दिला नव्हता. त्या दिवशी काटा किती होता ते बघितलंच नाही. हे हातात वाटी धरून बसले होते. दर तासाला मी विचारायची, "आहे?" ते वाटी समोर धरायचे. "आहे. चालव."

तरी दुसऱ्या दिवशी पोचायला दुपार झाली. परवान्याच्या चौकीवरचा शिपाई म्हणाला, "आता उन्हाळ्यात? सगळे पाहुणे कधीच येऊन गेले." मिठावर ऊन असं पेटलं होतं की ह्यांना डोळेच उघडवेनात. पाण्याच्या धारा लागल्या. एवढ्या लांब आणून मी त्यांना तळहातांनी डोळे झाकून बसलेलं बघितलं. वाटलं, संपलं. उद्या सकाळी वाटीही नसली तर? रात्रभर मी गाडीच्या रिकाम्या पलंगावर त्यांच्या पापण्यांकडे बघत जागी होते, जशी काही नजर तिथूनच निसटून जाणार होती आणि मी ती पकडणार होते.

सकाळी, ऊन चढायच्या आत, मी त्यांना हाताला धरून मिठावर नेलं. चालत राहिलो, मागे गाडी पांढऱ्यावर पांढरा ठिपका होईपर्यंत. मग थांबलो.

"आहे?"

"आहे. वाटीएवढं." मग जरा वेळानं, "पण हिच्यात सगळं लांबचंच आहे गं."

वाटीनं समुद्र मोजावा तसे ते जागच्या जागी हळूहळू वळायला लागले. एक वाटी बघायची, पाऊल सरकवायचं, दुसरी वाटी. "गाडी दिसली की सांग," म्हणाले. "म्हणजे एक फेरी झाली. मग परत जाऊ, तुझं डिझेल पडून राहिलंय."

फेरी पुरी होत आली. पांढरा ठिपका त्यांच्या समोर येणार, तेवढ्यात मी त्यांची हनुवटी बोटानं थोडी वर केली. "तिकडे बघा, आभाळ कुठं टेकतंय ते." ठिपका त्यांच्या वाटीखालून निघून गेला.

"गाडी आली का?"

"छे. अजून अर्धीसुद्धा फेरी झाली नाही. फिरा."

जन्मात कोणाला मापाच्या वर काही दिलं नव्हतं मी. त्या सकाळी तीन फेऱ्या दिल्या. तिसऱ्या फेरीला ऊन वर आलं, त्यांनी स्वतःहून डोळे मिटले आणि म्हणाले, "केवढं मोठं आहे गं हे."

परत येईपर्यंत वाटीही गेली. बाकीचा देश राहिला तो राहिला. गाडी विकली. प्रवासातली शिल्लक मी मुदत ठेवीत टाकली, ती दर वर्षी वाढते आणि पावती आली की मी ती न उघडता कपाटात ठेवते. हे गॅलरीत बसतात. मी लिहिलेलं सगळं त्यांना वाचून दाखवते, चुका काढायची त्यांना जुनी सवय. हेही दाखवीन. फक्त हनुवटीचा भाग आला की खोकला आल्यासारखं करीन आणि चार परिच्छेद खाली उतरेन.