कोपऱ्यावरचं घर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही. देवाला सांगावं, तर त्याचं नाव यात आधीच गुंतलेलं — म्हणून त्यालाही नाही. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही माझ्या नात्यातले नाही, म्हणूनच असेल.

घर हा शब्द आपण किती सढळ हाताने वापरतो, नाही? चष्म्याला घर असतं, सोंगटीला घर असतं. मुलगी दिली की लोक विचारतात, घर कसं आहे? — तेव्हा भिंतींबद्दल कुणी विचारत नसतं. मी इतकी वर्षं सासरी नांदले, पण 'घरी जाऊन येते' म्हटलं की आमच्या ह्यांना बरोबर कळतं, ही विश्रांतवाडीला निघाली. तेच घर. ते आमचं कसं झालं, तेवढंच सांगायचंय.

त्याआधी आम्ही बुधवार पेठेत भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. खाली रेडिओदुरुस्तीचं दुकान, आणि खिडकी उघडली की समोर शेजारच्यांची भिंत. आई म्हणायची, हात बाहेर काढू नकोस, त्यांच्या भिंतीचा रंग जाईल. अण्णांच्या कचेरीतल्या आठ जणांनी मिळून सोसायटी काढली आणि विश्रांतवाडीला जागा घेतली. तेव्हा तिकडे राहायला जायचं म्हटलं की नातेवाईक विचारायचे, पत्र पोचतं का तिथे?

बांधकाम चालू असताना दर रविवारी सगळी कुटुंबं तिकडे जायची. पोह्यांचे डबे, पाण्याच्या कळश्या, आणि विटांच्या ढिगांवर नाचणारे आम्ही. किती सुखाचे रविवार होते ते! आठ बैठी घरं एका ओळीत. एका टोकाला कोपऱ्यावरचं — सकाळपासून ऊन, दाराशी बकुळ. दुसऱ्या टोकाला ओढ्यालगतचं — पायातच ओल. ते कुणालाच नको होतं, पण तसं कुणी बोलायचं नाही. सगळे सभ्य लोक.

मी भातुकली मांडली ती कोपऱ्यावरच्या घरात. छप्पर नव्हतं, दार नव्हतं, पण माझी चूल मात्र लागली होती. पहिल्या पंगतीला दामले काकू आल्या. अण्णांच्या मित्राची बायको. मला स्वतःच्या हाताने जेवू घालणारी, वेणी घालून देणारी. बुधवारातही मी निम्मा वेळ त्यांच्याकडेच असायचे. काकूंना दमा होता. धापा टाकत त्या विटेवर बसल्या, माझे गूळ-दाणे चवीने खाल्ले आणि म्हणाल्या, तुझ्या घरी जेवून पोट भरलं हो.

तुझ्या घरी. काकू सहज बोलून गेल्या. मी मात्र ते धरूनच बसले.

घरं वाटायची ठरली ती चिठ्ठ्या टाकून. एका वाटीत नावं, दुसरीत घरांचे नंबर, आणि उचलायला लहान मूल — लहान मुलाच्या मनात काही नसतं म्हणून. मला आठवं वर्ष होतं. सगळ्यांनी माझंच नाव सुचवलं. आदल्या संध्याकाळी अण्णा चिठ्ठ्या लिहीत होते आणि घड्या घालायला मी शेजारी बसले होते. त्यातल्या दोन चिठ्ठ्यांना — आमच्या नावाच्या आणि कोपऱ्यावरच्या नंबराच्या — मी एक घडी जास्त घातली.

अण्णांना कळलं नाही. अण्णांना कळलं असतं तर त्यांनी मला आयुष्यभर माफ केलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मी डोळे मिटून हात घातला. बोटांना त्या दोन्ही जाड चिठ्ठ्या लगेच लागल्या. टाळ्या पडल्या. मग बाकीच्या उचलल्या, त्या मात्र खरोखर न पाहता. ओढ्यालगतचं घर दामल्यांना गेलं.

ते माझ्यामुळे गेलं का? कोण जाणे. मी काही केलं नसतं तरी कदाचित त्यांनाच गेलं असतं. पुष्कळ वर्षं मी या 'कदाचित'वर काढली. पण सांगायचं ते हे नव्हेच.

त्याच संध्याकाळी अण्णा मला घेऊन दामल्यांकडे गेले. म्हणाले, "वहिनी, तुम्हाला ओल सोसायची नाही. आमचं घर तुम्ही घ्या, आम्ही तिकडे जातो." अण्णा मनापासून म्हणत होते. दामले काकांचा चेहरा एकदम उजळला, तो मला अजून दिसतो.

काकूंनी मान हलवली. "नको भावजी. लेकराच्या हातून आलंय. देवानं दिलेलं घर बदलू नये." आणि मला जवळ ओढून, माझ्या केसांवरून हात फिरवत विचारलं, "हो की नाही गं, कुंदा?"

पावसाळ्यात त्यांच्या भिंतींना पाणी सुटायचं. थंडीत काकू सकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसायच्या, बकुळीखाली, उन्हात, श्वास जरा मोकळा होईपर्यंत. चष्म्याचं घर रोज तिथेच विसरायच्या आणि मी पळत जाऊन देऊन यायचे. उठताना म्हणायच्या, चला, घरी जाते. मी कॉलेजात असताना एका पावसाळ्यात त्या गेल्या. काका घर विकून मुलाकडे निघून गेले.

आता ती आठही घरं पाडून तिथे मोठी इमारत व्हायची आहे. नवे फ्लॅट पुन्हा चिठ्ठ्या टाकूनच वाटणार आहेत. परवा सोसायटीची तरुण मंडळी आली होती — मावशी, जुन्यांपैकी तुम्हीच उरलात, चिठ्ठ्या तुम्हीच उचला, तुमच्या हाताला यश आहे. गुडघे दुखतात म्हणून मी टाळलं. चिठ्ठ्या काय गुडघ्यांनी उचलतात? पण मुलं भली, त्यांनी विचारलं नाही.

काकूंनी मात्र विचारलं होतं. केसांवर त्यांचा हात होता, अण्णा समोर उभे होते, घर अजून बदलता येत होतं. मी मान हलवली. हो म्हणून.