गार हवा फेकणारा हीटर

गॅरेजमध्ये किस्से कुणी ठरवून सांगत नाही. गाडी उघडी पडलेली असते, मालक बाकड्यावर चहा पीत बसलेला असतो आणि त्याला बोलण्याशिवाय दुसरं काम नसतं. बावीस वर्षं मी नारायणगावात, वारूळवाडीच्या रस्त्याला, जांभळामागे शेड टाकून बसलोय. एवढ्या वर्षांत साठलेलं सगळं सांगत बसलो तर गाड्या कोण सोडणार? म्हणून फक्त तीन दिवसांचं सांगतो. शुक्रवार ते रविवार, ऐन श्रावणातले, आणि वर सोमवारची एक सकाळ. सांगताना माझा आवाज चढेल, हे आधीच बोलून ठेवतो. बायको म्हणते, गाडीच्या आधी तुमच्यातच कूलंट भरायला पाहिजे. तिचं ठीक आहे, ती या लोकांशी बोलायला येत नाही.

शुक्रवारी सकाळी शिनोलीहून वंदनाताई आल्या, पिवळी स्कूल व्हॅन स्वतः चालवत. शिनोलीच्या वर डोंगराला ज्या वाड्या आहेत, तिथली आठ मुलं त्या रोज घोडेगावच्या शाळेत आणतात. त्यातल्या पाच मुली. पावसाळ्यात त्या रस्त्याला बाहेर धुकं असतंच. आठ मुलांच्या श्वासाने आणि ओल्या दप्तरांनी काच आतूनही वाफ धरते. हीटरची गरम हवा काचेवर सोडली की मिनिटात साफ होते. पण व्हॅनचा हीटर गार हवा फेकत होता. पुढच्या सीटवरची मुलगी काच पुसायची आणि ताई अंदाजाने गाडी हाकायच्या.

आदल्या दिवशी वळणावर डावं चाक साइडपट्टी सोडून खाली उतरलं. कुणाला लागलं नाही. पण संध्याकाळी वाडीतली माणसं ताईंच्या दारात आली. सोमवारपर्यंत काच साफ दिसली नाही, तर त्या गाडीत एकही पोर बसणार नाही, असं सांगून गेली.

"पोरं चालत तरी जातील, दादा," वंदनाताई म्हणाल्या. "पोरींचं काय? त्या घरी बसतील. आन् एकदा बसल्या की बसल्या."

"याआधी कुणाला दाखवली?"

"दोन ठिकाणी. एक म्हणला, आपल्याकडं हीटर कशाला लागतो? दुसरा म्हणला, स्वेटर घालत जा."

बाई सांगतेय काच दिसत नाही आणि हा गडी तिला स्वेटर सुचवतोय. स्वेटर काय काचेला घालायचा? असल्या लोकांच्या हातात पाना देतं कोण, हे मला एकदा बघायचंय.

मी इंजिन सुरू करून हीटरकडे जाणारे दोन पाइप हातात धरले. अर्धं निदान तिथेच होतं. दोन्ही गरम असतील तर दोष आत, हवेच्या झडपेत. एक गरम नि एक गार असेल तर गरम पाणी फिरवणारी हीटरची जाळी तुंबलेली. दोन्ही कोमट असतील तर इंजिनाचं पाणीच पुरेसं तापत नाही. ताईंचे दोन्ही कोमट. शिवाय रेडिएटरात पाणी कमी होतं.

"आधी पाणी भरून पाइपात अडकलेली हवा काढतो. गाडी ठेवून जा, रविवारी न्या," मी म्हटलं. त्या एसटीने परत गेल्या.

०००

त्याच दुपारी येडगावचे एक नाना पिकअप घेऊन आले. तक्रार तीच, हीटर गार. पाइप धरले तर दोन्ही भाजत होते. म्हणजे दोष आत. वाकून बघतो तर आख्खा डॅशबोर्ड खोलून परत बसवलेला. अर्धे स्क्रू गायब, उरलेले आडवेतिडवे.

"दोन गॅरेजवाल्यांनी खोलला. काय सापडलं न्हाई," नाना म्हणाले.

मला मिनिट लागलं नाही. नानांनी देव बसवायला डॅशबोर्डवर लाकडी फळी ठोकली होती. गार-गरम करायचा स्लायडर निम्म्यावर आला की त्या फळीला अडायचा. लाल खुणेपर्यंत तो पोचतच नव्हता.

"नाना, हे त्या दोघांना दिसलं नाही?"

"दिसलं की. पण देवाला हात कोण लावणार?"

देवाला हात लावायचा नाही म्हणून त्यांनी खालून आख्खी गाडी उचकटली. मी नानांना म्हटलं, तुमचा देव आहे, तुम्हीच सरकवा. त्यांनी घरी फोन लावला. घरून हुकूम आला, आज नको, श्रावणी सोमवारी हलवा. मी म्हटलं, मग सोमवारपर्यंत कुडकुडा. शेवटी नानांनी चपला काढल्या, हात जोडले आणि स्क्रू स्वतः फिरवला. देव दोन बोटं डावीकडे सरकले, स्लायडर लालवर गेला, गाडीत ऊब आली.

"देवानंच केलं म्हणायचं," नाना म्हणाले.

"हो ना. आणि डॅशबोर्ड खोलायची बुद्धी त्या दोघांना कुणी दिली?"

नानांनी चपला घातल्या आणि गाडी सुरू केली.

०००

शनिवारी सकाळी जुन्नरकडचे एक द्राक्षबागायतदार आले. मोठी चकाचक गाडी. एक पाइप गरम, एक गार. जाळी तुंबलेली.

"रेडिएटरात काय घालता?"

"बोरचं पाणी."

"खारं आहे ना ते?"

"इंजिनाला काय चव कळती का, राव?"

हाच माणूस बागेतल्या ठिबकच्या नळ्या क्षाराने तुंबतात म्हणून त्यात ॲसिड सोडतो, आणि ते किती मापात सोडायचं हे त्याने मला चहा पिता पिता अर्धा तास समजावून सांगितलं होतं. वेलाची एवढी काळजी आणि गाडीला बोरचं पाणी. मी रागावूनच म्हटलं, तोच क्षार इथे बसलाय, जाळी बदलावी लागेल, मंगळवारी या. मान डोलावून गेले.

दुपारी फोन. "मेस्त्री, जाळी मोकळी झाली."

"कशी काय?"

"ठिबकचं ॲसिड सोडलं. हीटर लई भारी चालू झाला."

"मग फोन कशाला केला?"

"मंडळी पाय वर घेऊन बसल्यात. खालून गरम पाणी येतंय."

जाळीची चाळणी झाली होती.

०००

शनिवारीच एक जीपवाला आला, भीमाशंकरला भाविक ने-आण करणारा. काम ब्रेकचं होतं. पण बॉनेट उघडलं तर हीटरचे दोन्ही पाइप कुणीतरी एकमेकांना जोडून टाकलेले. म्हणजे हीटरला गरम पाणी जायचा रस्ताच बंद.

"हे काय?"

"हीटर गळत व्हता. मग एकानं बंद करून दिला. पंखा चालतो पण. पुण्या-मुंबईची माणसं बसली की सांगतो, एसी गाडी हाय. लई खूश असत्यात."

"आणि काच धरल्यावर?"

"मुंडकं बाहेर काढतो."

"पावसात?"

"टोपी हाय की."

मग मी जे बोललो ते इथे लिहिता यायचं नाही. दहा-बारा माणसं मागे बसवून हा धुक्यात मुंडकं बाहेर काढून वळणं घेतो, आणि मला टोपी दाखवतो. शेडमधली इतर गिऱ्हाइकं उठून उभी राहिली. जीपवाला मात्र शांत.

"मेस्त्री, चिडू नका," तो म्हणाला. "तुमच्याबी चष्म्यावर वाफ धरलीय."

संध्याकाळी वंदनाताईंचा फोन आला, "दादा, झाली का?" मी पाणी भरलं होतं, हवा काढली होती. गाडी उभी असताना हीटर बरा तापत होता. हायवेला काढली की पुन्हा गार. मी म्हटलं, उद्या खोलून बघतो, या तुम्ही.

०००

रविवारी सकाळी मी व्हॅनला हात घालणार तेवढ्यात कैलास आडवा आला. टोमॅटो भरून थंडीत उत्तरेकडे जाणारा ड्रायव्हर, माझं जुनं गिऱ्हाईक. त्याचाही हीटर गार. त्याचं म्हणणं, गेल्या हिवाळ्यात तिकडे हीटर पुरेना, म्हणून गार वारा अडवायला त्याने खोक्याचा पुठ्ठा रेडिएटरपुढे लावला. तिकडे सगळेच लावतात. पण परत आल्यावर काढायचा विसरला. उन्हाळ्यात गाडी उकळली. तेव्हा वाटेतल्या एका मेकॅनिकने पुढे वाकूनसुद्धा बघितलं नाही, थेट थर्मोस्टॅट काढून टाकला.

थर्मोस्टॅट म्हणजे मुठीत मावणारं झाकण हो. इंजिन तापेपर्यंत पाणी आत धरून ठेवतं, तापलं की रेडिएटरकडे सोडतं. ते काढलं की पाणी सुरुवातीपासून रेडिएटरात फिरत राहतं. इंजिन धड तापत नाही, हीटर गार, डिझेल जास्त, मशिनीची झीज वेगळी. पण आमच्या धंद्यात गाडी तापली की पहिला बळी त्याचाच. का तापली ते बघायला वेळ लागतो, झाकण काढायला लागत नाही. गिऱ्हाईकही खूश, काटा खाली आला म्हणून. ताप आलेल्या माणसाला बर्फात बसवून बरा झाला म्हणण्यातला प्रकार!

मी कैलासला हे सगळं ऐकवलं. तेवढ्याने भागेना म्हणून ऑइलपेंटने एका पत्र्यावर लिहिलं, "येथे थर्मोस्टॅट काढून मिळणार नाही", आणि पत्रा दारावर ठोकला. कैलास सगळं नीट ऐकत होता. मग रेडिएटरपुढच्या अर्धवट कुजलेल्या पुठ्ठ्याकडे बोट करून त्याने विचारलं, "मग मेस्त्री, ह्यो आता काढायचा का ठेवायचा?"

०००

वंदनाताई दुपारी आल्या तेव्हा मी व्हॅनचा थर्मोस्टॅट बसतो ते घर खोलत होतो. खोललं. आत काहीच नाही. नुसतं भोक.

"बघा ताई," मी ओरडलोच. "बघा. कुणीतरी हरामखोराने काढून टाकलाय. त्याला आठ पोरं दिसली नाहीत, धुकं दिसलं नाही, काही दिसलं नाही. असल्या माणसाला तुमच्या शेजारच्या सीटवर बसवून त्याच्याकडनं काच पुसून घेतली पाहिजे. मग कळेल."

ताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग नवऱ्याला फोन लावला. नवरा, प्रकाश, आता चाकणला कंपनीत आहे. आधी गाडी तोच भाड्याने चालवायचा. मलाही ऐकू यावं म्हणून ताईंनी फोन सीटवर ठेवून स्पीकर चालू केला.

"अवो, गाडीचा थर्मोस्टॅट कुणी काढला व्हता?"

"ते लई झालं. शाळेचा पिवळा रंग द्यायच्या आधी. उन्हाळ्यात गाडी तापली व्हती बघ."

"कुठं काढला पण?"

"नारायणगावला. वारूळवाडीच्या रस्त्याला. शेडपुढं जांभळाचं झाड हाय त्याच्याकडं. चष्मा घालतो, तापट हाय जरा. टोमॅटोच्या गाड्यांची लाइन लागली व्हती. मला म्हणला, काढून टाकतो, आपल्याकडं कशाला लागतोय."

वंदनाताईंनी जांभळाकडे बघितलं. मग माझ्या चष्म्याकडे बघितलं. फोन बंद केला.

मला गाडी आठवत नव्हती. प्रकाश आठवत नव्हता. पण ते वाक्य माझंच होतं. त्या सीझनला मी ते किती जणांना बोललो असेन, देव जाणे. मला माझीच लाज वाटली आणि रागही आला. दारावरच्या पत्र्याचा रंग अजून वाळला नव्हता.

नारायणगावात रविवारी तो थर्मोस्टॅट मिळाला नाही. मंचरलाही नाही. पुण्याहून सोमवारी दुपारी येणार होता. मी ताईंना सगळं सांगितलं, आणि सकाळी गाडीचं काय करता, असं विचारलं.

"सकाळी पावणेसातला पहिली पोर चढती," त्या म्हणाल्या. आणि गाडी घेऊन गेल्या.

सोमवारी पाचलाच मी मोटारसायकल काढली. रेनकोट असूनही शिनोलीपर्यंत बनियन भिजला. ताई दारात गाडी पुसत होत्या. त्यांनी मला चहा दिला, जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा दिला आणि शेजारच्या सीटचं दार उघडलं. फडक्याने रेघा उठतात म्हणे, कागदाने उठत नाहीत.

वर वाडीत धुक्यात माणसं उभीच होती. पोरं त्यांच्यामागे, दप्तरं पाठीला लावलेली, पण कुणी पुढे येईना. एक म्हातारे आजोबा नातीचा हात घट्ट धरून खिडकीशी आले. त्यांनी काच बघितली. आतून मी पुसतच होतो.

"हीटर झाला का?" त्यांनी विचारलं.

"दुपारी व्हणार," ताई म्हणाल्या.

"आन् हे पावणं कोण?"

"थर्मोस्टॅट हायेत. नवा येईस्तवर ह्यांना बसवलंय."

आजोबांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग नातीचा हात सोडला आणि तिला गाडीत चढवलं.