लेरॉयच्या थिएटरातली शांतता

रेनाटा वोंद्राला दोन शाळांनी एकाच आठवड्यात हो म्हटलं, आणि तिच्या घरातलं हसणं कमी झालं.

नकार आला असता तर गोष्ट सोपी होती. नेब्रास्कातल्या ओस्ट्रोव्ह गावाला नकारांची सवय आहे. ज्याला नकार आला त्याच्या घरी लोक खसखस भरलेल्या गोड पावांचं, म्हणजे कोलाचेंचं, ताट घेऊन जातात, हवापाण्याचं बोलतात आणि ताट न मागता परततात. एक होकार आला तर अभिनंदनही करता येतं. पण दोन होकार आले की माणसाला निवडावं लागतं, आणि निवडलं की कुणाला तरी सोडावं लागतं. सोडून जाणाऱ्याच्या घरी काय न्यायचं हे ओस्ट्रोव्हमध्ये अजून ठरलेलं नाही.

रेनाटा लिंकन शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात अतिदक्षता विभागात नर्स होती. तिला भूल देणारी नर्स व्हायचं होतं. तिकडच्या लहान गावांत भुलीचा डॉक्टर नसतोच. तीन वर्षं जास्तीचं शिकलेली नर्सच माणसाला झोपवते, तीच उठवते, आणि मधल्या वेळात त्याचा श्वास तिच्या ताब्यात असतो. पहिली शाळा राज्यातलीच होती. वर्ग घरबसल्या संगणकावर, आणि प्रत्यक्ष सराव बराचसा ओस्ट्रोव्हच्याच हॉस्पिटलात, तिथे भूल देणाऱ्या लेरॉय सेडलाचेकच्या हाताखाली. दुसरी शाळा पेनसिल्व्हेनियात. तिथे बिऱ्हाडच हलवावं लागणार होतं. दोघींना शुक्रवारपर्यंत उत्तर हवं होतं.

"पेनसिल्व्हेनियात पाऊस आपोआप पडतो म्हणे," तिचा नवरा क्लेटन म्हणाला. तो शेतांत गोल फिरणारे पाण्याचे लांबलचक पाइप दुरुस्त करायचा. "तिथे मी काय दुरुस्त करू, ढग?"

"तू नको म्हणतोयस का?"

"मी कुठे काय म्हणतोय? मी फक्त ढगांचं विचारलं."

तिची आई ब्लांश मात्र आडून बोलणारी नव्हती. "लेरॉय केव्हाचा सांगतोय, रेनाटा हाताशी आली की मी मासे धरायला मोकळा. तुझ्या जन्माच्या वेळी मला सुई त्यानेच दिली होती. पुढच्या आठवड्यात माझं पित्ताशय काढतील तेव्हाही तोच देणार. असा माणूस शिकवायला मिळतोय आणि तू नकाशे बघतेस?"

लेरॉय हा गावाचा लाडका माणूस. गावातल्या निम्म्या लोकांना त्याने झोपवलेलं होतं. उरलेल्यांना दर रविवारी फादर झोपवायचे, पण त्यांचं उठवण्याचं तंत्र लेरॉयइतकं चांगलं नव्हतं. रेनाटाने ठरवलं, एक दिवस त्याच्या शेजारी उभं राहून बघावं आणि मग हो म्हणून टाकावं. खरं तर तिचं मन घराकडेच झुकलं होतं.

बाहेरगावचा सर्जन मंगळवारी आणि गुरुवारी यायचा. याच आठवड्यातल्या मंगळवारी सकाळी ती टोपी-मास्क चढवून ऑपरेशन थिएटरात गेली. कोपऱ्यात रेडिओवर पोल्का नाचाचं संगीत चाललेलं. टेबलावर गावचा न्हावी, हर्नियासाठी. लेरॉयने त्याला असं काही बोलण्यात गुंतवलं की तो आपल्याच बायकोची तक्रार अर्धवट ठेवून झोपला. लेरॉयचे हात बघत राहावेत असे. रेनाटाला वाटलं, झालं, इथेच शिकायचं.

आणि तरी तिला बरं वाटेना. खोलीत काहीतरी नव्हतं. अंगणातला कुत्रा भुंकायचा थांबला की घरातलं माणूस जसं मान वर करतं, तशी ती सारखी मान वर करत होती. मग तिच्या लक्षात आलं. मॉनिटरचा आवाज बंद होता.

रोग्याच्या बोटाला चिमटा लावलेला असतो आणि प्रत्येक ठोक्याला यंत्र एक सूर काढतं. रक्तातला प्राणवायू कमी झाला की तो सूर खाली येतो. लिंकनमध्ये रेनाटा पाठमोरी असली तरी त्या सुरावरून वळायची. इथे यंत्र गप्प होतं, आणि धोक्याची घंटाही अगदी पाणी डोक्यावरून गेल्यावर वाजेल अशी लावलेली.

"सूर बंद का, लेरॉय?" तिने विचारलं. त्याने बघितलं नाही. तिने समोर जाऊन पुन्हा विचारलं.

"अगं, डोकं उठतं त्याने. मी माणसाकडे बघतो. ओठ बघतो, कानाची पाळी बघतो. यंत्रं नव्हती तेव्हा काय लोक मरायचे?"

"मरायचे," सर्जन मान खाली घालूनच म्हणाला, आणि सगळे हसले. रेनाटाही हसली.

खोलीत जोलीन नावाची नर्स होती, उंच, ओठ घट्ट मिटलेली. ती अधूनमधून मोठ्याने म्हणायची, "लेरॉय, कॉफी आणू का?" लेरॉय मान वर करायचा, "नको गं बाई," म्हणायचा, मॉनिटरवर नजर टाकायचा आणि कुठलीतरी कळ थोडी फिरवायचा. पहिल्यांदा रेनाटाला वाटलं, काय प्रेमळ बाई आहे. दुसऱ्यांदा वाटलं, काय चिकट बाई आहे. तिसऱ्यांदा तिने जोलीनच्या नजरेमागे आपली नजर नेली. जोलीन लेरॉयकडे बघतच नव्हती. ती मॉनिटरवरच्या प्राणवायूच्या आकड्याकडे बघत होती. आकडा घसरला की कॉफी.

लेरॉयला सूर ऐकू येत नव्हता. म्हणून त्याने तो बंद केला होता, म्हणजे ऐकू न आल्याचं कुणाला कळू नये. आणि ज्यांना कळलं होतं त्यांनी, त्याला वाईट वाटू नये म्हणून, कॉफीची युक्ती काढली होती. सगळी खोली एका म्हाताऱ्याची अब्रू सांभाळत होती, आणि मध्ये न्हावी झोपला होता.

तेवढ्यात सर्जनने धागा मागितला आणि जोलीन बाजूच्या खोलीत गेली. आकडा घसरायला लागला. ब्याण्णव. नव्वद. लेरॉय सर्जनला माशाची गोष्ट सांगत होता आणि मासा गोष्टीत वाढत होता. अठ्ठ्याऐंशी. सर्जनचे डोळे जखमेत. लिंकनमध्ये रेनाटा एव्हाना ओरडली असती. इथे तिने तोंड उघडलं, आणि तिच्या स्वतःच्या कानांनी ऐकलं, ती मोठ्याने म्हणत होती, "लेरॉय, कॉफी घेणार का?"

त्याने वर बघितलं. नळी जरा सरकवली, फुगा दाबला. आकडा चढला. न्हाव्याला काहीही झालं नाही. बाहेर नेताना तो झोपेत बायकोची तक्रार पुढे चालू करत होता. जोलीनने धागा ठेवला आणि रेनाटाकडे बघून मान हलवली, नव्या सुनेने पहिली भाकरी नीट टाकली की सासू हलवते तशी.

बुधवारी रेनाटा आईकडे गेली. ब्लांश लोणच्याच्या बरण्या पुसत होती.

"आई, लेरॉयला कमी ऐकू येतं का गं?"

"वय झालं त्याचं. चर्चमध्ये आम्ही त्याच्या डाव्या बाजूला बसतो, तो कान अजून थोडा बरा आहे."

"तुला माहीत आहे? आणि तू त्याच्याकडून भूल घेणार?"

"जोलीन असते की," ब्लांश म्हणाली, आणि पुढची बरणी घेतली.

रेनाटा खुर्चीवर बसली. म्हणजे खोलीच नव्हे, सगळं गाव. ती राहिली तर तीन वर्षांत तिला काय काय येईल ते तिला स्पष्ट दिसलं. नळी टाकता येईल, औषधं येतील, आणि कॉफी विचारता येईल. शेवटचं तर एका सकाळीतच आलं होतं.

गुरुवारी सकाळी ती लेरॉयला गाठायला हॉस्पिटलात गेली. तो कपडे बदलायच्या खोलीत बुटांवर पिशव्या चढवत होता. ती समोर बसली.

"मी पेनसिल्व्हेनियाला जायचं ठरवलंय."

लेरॉयने बुटावरची पिशवी सरळ केली. "मोठी हॉस्पिटलं असतील तिथे. हृदयं, तान्ही बाळं. इथे आपले हर्निये." तो हसला. "जा पोरी. मासे काय, थांबतील. मी अजून तीन वर्षं काढतो. तू आलीस की मग बघू."

तिला एवढंच सांगून उठायचं होतं. 'तीन वर्षं' ऐकलं आणि ती उठू शकली नाही.

"लेरॉय, तुम्हाला सूर ऐकू येत नाही."

"काय?"

"ऐकू येत नाही तुम्हाला. मॉनिटरचा सूर."

त्याने दुसरी पिशवी चढवली. सावकाश, टाच नीट आत जाईल अशी. "कुणाकुणाला माहीत आहे?"

"सगळ्यांना."

"जोलीनला?"

"कॉफी तिनेच सुरू केली."

लेरॉयने टोपी डोक्यावर ओढली. मग म्हणाला, "आणि मी घरी जाऊन बायकोला सांगायचो, ती जोलीन बाई किती काळजी घेते गं माझी. एकदा तरी तिची कॉफी घ्यायला हवी."

थिएटरात टेबलावर माणूस आणून ठेवलेला होता. लेरॉय उठला आणि आत गेला. रेनाटा दाराबाहेरच्या बोळात भिंतीला टेकून उभी राहिली. आत जायचा तिला हक्क नव्हता आणि निघून जायला पाय उचलत नव्हता. थोड्या वेळाने दारापलीकडून सूर सुरू झाला, स्पष्ट, मोठा. झाडूवाला झाडू थांबवून उभा राहिला. त्या दारातून असा आवाज येताना बोळात कुणी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. मधेच सूर एक पायरी उतरला. मग जोलीनचा आवाज आला, कोरडा, नवखा: "लेरॉय, खाली जातोय." सूर वर आला.

काम संपल्यावर लेरॉय बाहेर आला. मास्कच्या दोऱ्यांचे वळ गालांवर होते. "हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबाला मी सांगतो," तो म्हणाला. "तू नको सांगूस. दुसरं माणूस मिळेपर्यंत थिएटर बंद ठेवू."

"मिळेल ना कुणी?"

"मिळेल," लेरॉय म्हणाला, पण बोळातल्या कुणालाच ते खरं वाटलं नाही. शेजारच्या गावचं थिएटर असंच थोड्या दिवसांसाठी बंद झालं होतं. आता त्या इमारतीत ट्रॅक्टरचे टायर मिळतात.

शुक्रवारी रेनाटाने दोन्ही शाळांना कळवलं. ब्लांशच्या पित्ताशयासाठी लिंकनची तारीख मिळाली, बरीच पुढची. ब्लांशने दुखणाऱ्या बाजूला गरम पाण्याची पिशवी धरली आणि लेकीला एका शब्दाने बोल लावला नाही.

रविवारी चर्चबाहेर गाव रेनाटाभोवती जमलं. न्हाव्याने पेनसिल्व्हेनियाच्या हवेची चौकशी केली. कुणी क्लेटनला ढगांवरून चिडवलं. जोलीनने तिचा हात हातात घेतला आणि सुखरूप जा म्हणाली. थिएटरचं कुणी काढलं नाही, लेरॉय आला नव्हता त्याचंही नाही. सगळे इतकं चांगलं बोलत होते की गाडीत बसल्यावर रेनाटाने आधी काचा वर केल्या आणि मग क्लेटनला म्हणाली, "चल. लवकर चल."

"का, काय झालं? कुणी काही बोललं का?"

"नाही ना," ती म्हणाली.