नकाराची पाटी

सर्जेरावाला बोलायला कुणी शिकवायची गरजच नव्हती. गंगापूरकडच्या त्याच्या गावात एखादी सोयरीक मोडायला आली की लोक त्यालाच बोलावून न्यायचे. वाळूजच्या आमच्या कारखान्यात तो अठरा वर्षं पत्रा कापायची प्रेस चालवत होता आणि मी त्याच शॉपचा, म्हणजे त्या विभागाचा, कारकून. तीन वर्षांपूर्वी मॅनेजरनं त्याला दोन दिवसांच्या प्रेरणा शिबिराला पाठवलं आणि हा गडी कोट घालूनच परत आला. त्यानंतर तो प्रेसवर उभा राहिला नाही. रोज सकाळी पाळी सुरू होताना कामगारांना दहा मिनिटं मोटिव्हेट करायचं, हेच त्याचं काम झालं. पुंडलिकनगरच्या घरी त्याची बायको पारूबाई म्हणायची, "तिकडं शंभर माणसं हलवता, इथं तेवढा सिलेंडर हलवा."

मलाही त्याचं कौतुक होतं, खोटं कशाला बोलू? पाठ दुखणारी, घरून भांडून आलेली माणसं त्याचं ऐकून ताठ उभी राहायची, टाळ्या वाजवायची. मालही वाढला. मग त्याच्या डोक्यात पाटी शिरली. शॉपमध्ये 'नाय' म्हणायचं नाही. 'जमायचं नाय' असं जो म्हणेल, त्याचं नाव पाटीवर खडूनं लिहायचं. शनिवारी त्यानं सगळ्यांसमोर उभं राहून "जबाबदारी माझी" म्हणायचं आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. आम्ही हसायचो. ज्याचं नाव लागायचं तो मात्र हसत नसे.

बद्रीनाथचं नाव तीनदा लागलं होतं. तो सर्जेरावाच्याच गावचा, त्यानंच कामाला लावलेला, मुलखाचा लाजाळू. गावाकडं तो त्याला नाना म्हणायचा, इथं सर म्हणायला शिकला होता. तिसऱ्या शनिवारी टाळ्या वाजताना त्याची मान इतकी खाली गेली, की मला तिथून निघून जावंसं वाटलं. गेलो नाही. टाळ्या मीही वाजवल्या.

पुढच्या मंगळवारी सकाळी तो सर्जेरावाच्या आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"नाना, प्रेस एकदा दाबली तर दोनदा खाली येतीय. कालपासून. आज चालवायला जमायचं..."

एवढ्यावरच तो थांबला. सर्जेरावानं हसत हसत खडू उचलला.

"म्हण की पुढं. काय जमायचं?"

बद्रीनाथनं पाटीकडं पाहिलं. "जमंल सर. चालवतो."

"व्हय, हे असं पायजे!" म्हणत सर्जेरावानं त्याच्या पाठीवर थाप मारली. मी हजेरी भरत होतो, भरतच राहिलो.

अकराच्या सुमारास प्रेस न दाबताच दुसऱ्यांदा खाली आली. बद्रीनाथच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.

चौकशीत एकच गोष्ट ठरायची होती, बिघाडाची तक्रार आली होती की नाही. आली असेल तर दोष कारखान्याचा. नसेल तर बद्रीनाथचा निष्काळजीपणा, आणि त्याची नोकरी जाणार. चौकशीच्या आदल्या संध्याकाळी मी सर्जेरावाच्या घरी गेलो. माणूस पार सुकून गेला होता.

"खरं तेच सांगतो उद्या, काकासाहेब," तो मला म्हणाला. "माझं काय व्हायचं ते होऊ दे. घास उतरंना झालाय गळ्याखाली."

पारूबाई पदरानं डोळे पुसत होती. माझा विश्वास बसला.

दुसऱ्या दिवशी जबाब लिहून घ्यायला मीच बसलो होतो. आधी बद्रीनाथला विचारलं. हात बँडेजमध्ये, चेहरा पांढराफटक. तो शनिवारी उभा राहायचा तसा उभा राहिला.

"जबाबदारी माझी," तो म्हणाला आणि त्यानं सर्जेरावाकडं पाहिलं. तो शाबासकीसाठी बघत होता, देवाशपथ सांगतो.

मॅनेजरनं विचारलं, "सर्जेराव, तुमच्याकडं याची काही तक्रार आली होती?"

रोज दहा मिनिटं न थांबता बोलणारा माणूस कोटाचं बटण चाचपत राहिला. मग म्हणाला, "नाय."

ते मी लिहून घेतलं. मला कुणी विचारलं नव्हतं. पण मीही तिथं होतो, मीही ऐकलंय, एवढं मला म्हणता आलं असतं. माझं पेन थांबलंसुद्धा नाही. आजही ते आठवलं की स्वतःची शरम वाटते.

महिनाअखेरीला बद्रीनाथ सामान घेऊन गावी निघाला. गेटवर मला भेटला तेव्हा म्हणाला, "नानाला सांगा, त्यांचं काय चुकलं नाय. मीच नीट चालवली नाय." मी नुसती मान हलवली.

दुसऱ्या दिवशी मी पाळीच्या आधीच शॉपमध्ये गेलो. पाटीवर खडूनं सर्जेरावाचं नाव लिहिलं. त्याच्याखाली माझं लिहिलं.

माणसं जमली. सर्जेराव आला, त्यानं पाटी वाचली. पुसायला हात वर नेला आणि तसाच खाली घेतला. मग पाटीकडं पाठ करून तो दहा मिनिटं बोलला. बोलणं संपल्यावर, रोजच्यासारख्या, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.