अडलेली म्हैस आणि माझ्या नाकावरचा चष्मा

ज्याला रक्त बघितलं की घेरी येते, त्यानं अडलेल्या म्हशीपाशी कॅमेऱ्याचा चष्मा स्वतःच्या नाकावर चढवू नये. मी चढवला.

चष्मा आमच्या धंद्याचा होता. आमचा म्हणजे माझा आणि जनावरांचा डॉक्टर असलेल्या एका मित्राचा. फ्रेमवर बारीक कॅमेरा, उजव्या काचेत आरपार दिसणारा इवलासा पडदा आणि काडीत, कानापाशी, स्पीकर. गोठ्यातला माणूस जे बघतो ते कोल्हापुरात दवाखान्यात बसलेल्या डॉक्टरला दिसतं. डॉक्टर बोटानं स्क्रीनवर चित्र काढतो, ते गोठ्यातल्या माणसाच्या डोळ्यांपुढं हिरव्या रेषांत उमटतं. भागीदारीत डॉक्टरकडं अक्कल आणि माझ्याकडं तोंड, अशी सरळ वाटणी होती.

त्या सकाळी तोंड जोरात चाललं होतं. गाडी शिरोळकडं निघालेली, शेजारी एक फौंड्रीवाले शेठ. ते आमच्यात पैसे घालणार की नाही, ते आज ठरणार होतं. शिरोळजवळच्या एका गावात लंगडणारी म्हैस ठरवून ठेवली होती. तिचा खूर डॉक्टर लांबून तपासणार आणि शेठ खूश होणार, असा माझा हिशेब. पुढं उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली. त्यामुळं शेठना प्रश्न विचारायला भरपूर सवड मिळाली.

"फोनवर पण डॉक्टर दिसतोय की," ते म्हणाले. "मग नाकावर वझं कशाला?"

"फोन धरण्यात एक हात जातो, शेठ. आपल्या गिऱ्हाइकाचे दोन्ही हात कामात असतात."

हे त्यांना पटलं असावं. थोड्या वेळानं तेच म्हणाले, "माझ्याकडं बाहेरच्या देशातलं मशीन हाय. बंद पडलं की त्यांचा इंजिनेर विमानानं येणार, तवर आम्ही बसून. त्यापेक्षा तो तिथनंच माझ्या फिटरच्या डोळ्यानं बघंल. व्हय?"

"व्हय."

"आणि उद्या मोठ्या कंपनीनं ह्याच्यापेक्षा हलका, स्वस्त काढला तर? तुमचं काय?"

"मग त्यांचाच घेऊ. आपण चष्मा विकतच नाही शेठ, आपण डॉक्टर विकतोय." हे वाक्य मी आरशासमोर बसवलेलं होतं.

शेठ खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "बोलताय ब्येस. चालतंय का बघू."

गोठ्याच्या दारात म्हशीच्या मालकीणबाई उभ्या होत्या. पदर खोचलेला, कपाळावर घाम. या-बसा काही नाही.

"पावणं, लंगडीचं ऱ्हाऊ द्या. ही दुसरी अडल्या."

लंगडी आटलेली होती. डेअरीला जाणारं दूध आता ह्या दुसरीच्या वेतावर होतं, आणि ती खाली पडून कण्हत होती. रेडकाचा एक पाय बाहेर दिसत होता आणि पुढं काहीच सरकत नव्हतं. गावचे डॉक्टर ट्रॉल्यांच्या पलीकडं अडकलेले. मी मित्राला फोन लावला. तो म्हणाला, "लवकर चष्मा घाला. तिनं जोर करायचं सोडलं तर दोन्ही जातील."

आता, जो हात घालणार त्यानं चष्मा घालायचा, हे मी स्वतः पन्नास जणांना समजावून सांगितलेलं. पण शेठ बघत होते. मालकीणबाईंना हे यंत्र कसलं जमतंय, असंही मनात आलं. मी केसांवरून हात फिरवला आणि चष्मा घातला. घरी माझी लायकी सगळ्यांना ठाऊक आहे. मटणाच्या दुकानात पैसे दिले की मी रस्त्याकडं तोंड करून उभा राहतो.

बाईंनी कोपराच्या वरपर्यंत हात साबणानं धुतला, तेल चोळलं आणि बसल्या. इथपर्यंत मी बघितलं.

"मला कौलं दिसायला लागल्यात," डॉक्टर कानात म्हणाला. "खाली बघ."

मी खाली बघितलं. मान आपोआप फिरली.

"आता कुणाचे तरी बूट दिसतायत. म्हैस कुठं गेली?"

त्याचा आवाज फक्त माझ्या कानात. बाईंनी वर बघून विचारलं, "डाक्टर काय म्हनत्यात?"

"खाली बघ म्हणतायत."

"कुनाला?"

"मला."

म्हशीनं एक लांब हंबरडा फोडला. डॉक्टर दात आवळून बोलला, "हे बघ, डोळे मिटून घे, पण मुंडी हलवू नकोस. कॅमेरा चष्म्याला आहे, तुझ्या डोळ्यांत नाही."

मी डोळे गच्च मिटले. आता त्याला सगळं स्वच्छ दिसायला लागलं. दुसरा पाय आत गुडघ्यात दुमडलाय, तो म्हणाला. रेडकू आत कसं पडलंय आणि पाय कुठल्या बाजूनं वळवायचा, त्याचं चित्र त्यानं काढलं.

"दिसलं चित्र? सांग तिला."

"नाही दिसलं."

"का?"

"डोळे मिटलेत."

त्यानं कानात फक्त माझं नाव घेतलं.

"आणा हिकडं," बाई म्हणाल्या. "मी घालतो."

माझे डोळे अजून मिटलेलेच. शेठनीच माझ्या नाकावरनं चष्मा उचलला आणि बाईंच्या डोळ्यांवर बसवला. मला त्यांनी म्हशीच्या तोंडाकडं ढकललं. त्या बाजूला रक्त नव्हतं.

आता डॉक्टर फक्त बाईंना ऐकू येत होता. आमच्या वाट्याला नुसती उत्तरं.

"व्हय, दिसतंय चित्र... गुडघा लागला... न्हाय, खूर लांब हाय." मग थांबल्या. "बरं. कळ जाऊ दे. मग ढकलतो." खांद्यापासून जोर लावला. "ढकललं की परत येतंय, डाक्टर."

म्हशीचं डोकं माझ्या मांडीवर. मघापासून ती जोर करत होती, आता करेना. तिचा डोळा माझ्याकडं लागलेला आणि मी तिला, "जोर लाव बाई, जोर लाव," म्हणत होतो. ती माझं ऐकण्याचं काही कारण नव्हतं. शेठच्या मनगटावरचं घड्याळ मला ऐकू यायला लागलं होतं.

"घावला," बाई हळूच म्हणाल्या. "खूर मुठीत हाय." त्यांचा खांदा थरथरत होता. "वळतोय... वळला. पावणं, या हिकडं. कळ आली की वडा. खालच्या अंगाला वडा."

ह्या वेळचे पावणं म्हणजे शेठ. त्यांनी कोट काढून लंगडीच्या दावणीवर टाकला आणि बाईंच्या शेजारी बसले. म्हशीच्या अंगातनं एक लाट माझ्या मांडीपर्यंत आली आणि मी पुन्हा डोळे मिटले. दोघांनी ओढलं. परत लाट, परत ओढलं. मग काहीतरी ओलं, जड, वैरणीवर पडल्याचा आवाज झाला.

मी डोळे उघडले. रेडकू पडलं होतं आणि हलत नव्हतं.

"हलंना ओ," बाई म्हणाल्या. मग कान देऊन ऐकलं. "नाक पुसलं. काडी? घालतो." वैरणीतली काडी घेऊन त्यांनी रेडकाच्या नाकपुडीत फिरवली. एकदा. दुसऱ्यांदा. शेठ गुडघ्यावर बसून हात जोडल्यासारखे धरून होते.

रेडकू शिंकलं. मग पाय झाडला, मग डोकं हलवलं.

"रेडी हाय, रेडा न्हाय," बाई म्हणाल्या आणि भिंतीला टेकल्या. चष्मा अजून डोळ्यांवरच.

मी भुईवर बसून होतो. शेठ हौदावर हात धुऊन आले, आणि धंद्याचा माणूस तो, लगेच बाईंना विचारलं, "विकत घ्याल का हो हा?"

"एकटीनं कशाला? वापरायची पाळी वरसातनं एकदा. डेअरीनं एक ठेवावा, लागंल त्यानं न्यावा."

शेठनी माझ्याकडं बघितलं. सकाळच्या एवढ्या भाषणात मला हे सुचलं नव्हतं. मग त्यांनी आणखी एक विचारलं, "ह्यात काय सुधारणा पायजे?"

बाईंनी चष्मा काढला, पदरानं काच पुसली आणि मला वरून खालपर्यंत बघितलं.

"चष्म्यात कायबी खोट न्हाय. त्याच्या मागं ह्येंचं मुंडकं तेवढं बसवू नगा."